बाग कुणाची आणि किती दिवसांची?

कोल्हापुरातल्या एका जुन्या वस्तीतील सार्वजनिक बागेत तिकीट लावून तीन दिवसांचा मोठा संगीत महोत्सव घेण्याचा प्रस्ताव सध्या महापालिकेकडे आहे. बागेभोवतीच्या रहिवाशांची त्यावर एक बैठक झाली. तीत एकमत तर झाले नाहीच, उलट एकाच जिन्यावरचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले, असे आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून दिसते. निर्णय अद्याप व्हायचा असल्यामुळे बागेचे, आयोजकांचे आणि पत्रलेखकांचे नाव येथे दिलेले नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून बागेच्या भिंतीला लागून असलेल्या घरात बत्तीस वर्षे राहतो. बैठकीत आम्हाला सांगण्यात आले की, तीन दिवसांचाच प्रश्न आहे, तेवढे सोसा; रात्री दहानंतरचीही सवलत मिळते. घरात हृदयविकाराचा रुग्ण आहे. आम्ही सोसायचेच, की कायद्याने आम्हाला काही म्हणता येते?

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘तीन दिवस’ हा आहे. गाणे तीन दिवस असेल. बाग तीनच दिवस बंद राहील असे नाही. मंचाचा लोखंडी सांगाडा, पत्र्याचे कुंपण, जनरेटर, फिरती स्वच्छतागृहे आणि ध्वनियंत्रणा घेऊन येणाऱ्या अवजड गाड्या आधीपासूनच येऊ लागतात आणि आवराआवरीलाही दिवस जातात. लंडनच्या ब्रॉकवेल पार्कमधील वाद नेमका याच मुद्द्यावर न्यायालयात गेला. तेथे मोकळ्या जागेचा तात्पुरता वापर स्वतंत्र नियोजन परवानगीशिवाय वर्षातून २८ दिवसच करता येतो. उभारणीचे आणि उतरवणीचे दिवस धरून हिशेब मांडला, तेव्हा उन्हाळ्यातील महोत्सवांसाठीचा आकडा ३७ भरला आणि मे २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. महोत्सव त्यानंतरही पार पडले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मंचावरचे दिवस आणि कुंपणाचे दिवस वेगळे असतात, ही गोष्ट त्या निकालाने कागदावर आली.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम ३७-अ आहे. विकास आराखड्यात एका सार्वजनिक कारणासाठी राखलेली जागा दुसऱ्या सार्वजनिक कारणासाठी मर्यादित दिवस वापरू देण्याची सोय त्यात असून, मुदत संपताच जागा पूर्ववत करण्याची अटही आहे. तेव्हा पहिली विचारणा अशी करावी की, प्रस्तावात बागेचा ताबा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मागितला आहे. दुसरी विचारणा अशी की, ज्या कार्यक्रमाला तिकिटाशिवाय पाऊल टाकता येत नाही, ते ‘सार्वजनिक कारण’ कसे ठरते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तरी सोपे वाटत नाही आणि ते देण्याची जबाबदारी आपली नसून परवानगी देणाऱ्याची आहे.

आता आवाजाविषयी. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००, यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस आणि उरलेली रात्र. सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी लागते, आणि त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी क्षेत्रातल्या बागेच्या कुंपणावर, आपल्या भिंतीशी, दिवसा ६५ ही कमाल झाली.

हा आकडा किती लहान आहे, ते एका साध्या हिशेबाने पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मोठ्या महोत्सवात मंचापासून ३० मीटरवर १०० डेसिबल असतील असे धरले, तर ६० मीटरवर ९४, १२० मीटरवर ८८ आणि २४० मीटरवर ८२ उरतात. केवळ अंतराच्या भरवशावर ६५ वर यायचे तर दीड किलोमीटरच्याही पलीकडे जावे लागेल. मध्ये इमारती आल्या, कर्ण्यांची तोंडे नीट वळवली, तर आवाज आणखी कमी होतो हे खरे. पण ढोलासारखा खर्जातला ठोका कर्ण्याचे तोंड वळवून वळत नाही. तो भिंतीतून आत येतो, खिडकीची काच आणि मांडणीतली भांडी थरथरवतो. शिवाय नियमातले डेसिबल ‘ए’ मापनाचे, म्हणजे खर्जाला कमी वजन देणारे, असल्यामुळे खर्जाचा आवाज यंत्रावर कमी दिसतो आणि छातीत अधिक जाणवतो. आयोजकांच्या तंत्रज्ञाने कुंपणावर ६५ चा आकडा कसा राखणार, हे नकाशासह लिहून द्यावे, अशी मागणी करणे म्हणजे आडमुठेपणा नव्हे. लिहून देता आले नाही, तर या आकाराच्या बागेत या आकाराचा महोत्सव बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रात्री दहानंतरच्या सवलतीचा उल्लेख बैठकीत झाल्याचे आपण लिहिता. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवप्रसंगी बारापर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे; मात्र तो वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसांपुरता आणि ते दिवस आधी जाहीर करूनच. महोत्सवाच्या तारखा त्या जाहीर यादीत आहेत का, हे पाहावे. नसतील, तर दहा म्हणजे दहा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही एके काळी रात्रभर चालत असे. या नियमांनंतर त्याच्या वेळा बदलल्या आणि श्रोत्यांनी ते स्वीकारले.

घरातील रुग्णासाठी वेगळा कायदा नाही. परंतु आजाराचा उल्लेख करून पोलीस ठाण्यात आधीच लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी, आणि प्रत्यक्ष वेळी ११२ वर तक्रार नोंदवावी. फोनवर झालेले बोलणे नंतर कुणालाच आठवत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. मोठा कार्यक्रम ऐकायचा तर आम्हाला रात्रीची गाडी पकडून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. पहिल्यांदा काही आपल्या गावात येते आहे, तर ज्येष्ठांनी ‘शांतता’ म्हणून दार लावून घेतले. बाग काय फक्त सकाळी फिरणाऱ्यांची आहे?

उत्तर : नाही, आणि आपला राग मला पटतो. ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारगायक म्हणून आश्रय दिला, त्या शहरातल्या तरुणांना गाणे ऐकायला दोनशे किलोमीटरहून अधिक जावे लागावे, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. बैठकीत ‘असले संगीत आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असे कुणीसे म्हणाल्याचे तीन पत्रांत आले आहे. तो मुद्दा मी बाजूला ठेवतो, कारण बागेचे गवत ख्याल आणि रॅप यांत फरक करत नाही.

पण शाहू महाराजांचेच उदाहरण पुढे नेऊन पाहा. त्यांना हजारोंनी बसून कुस्ती पाहावी असे वाटले, तेव्हा त्यांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून घेतले. चहूबाजूंनी उतरती बैठक, मध्ये कुस्तीचा मातीचा हौदा, कुठूनही लढत दिसावी अशी रचना. नाटकासाठी शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळाले, तेव्हा अर्धे कोल्हापूर रस्त्यावर उभे राहून हळहळले होते. गर्दीला गर्दीची जागा आणि कलेला कलेची जागा असावी, हा विचार या शहराला नवा नाही. तुमच्या पिढीने मागायचे ते हेच: मोठ्या ध्वनियंत्रणेचा भार पेलणारी, वस्तीपासून दूर, बस आणि वाहनतळ असलेली कायमची जागा. बागेत तीन दिवस मिळाले की ही मागणी पुढच्या वर्षावर जाईल, आणि पुढच्या वर्षी हेच भांडण पुन्हा सुरू होईल.

बागेला बाग म्हणून नुकसान होते, ही ज्येष्ठांची तक्रारही कुरबूर म्हणून सोडून देऊ नका. परतीचा पाऊस सरल्यावरही आपल्याकडची काळी माती आतून ओली राहते. तिच्यावरून अवजड गाडी गेली की मातीतल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि वर हिरवळ दिसत असली तरी झाडांच्या मुळ्या गुदमरतात. झाड वाळू लागते तेव्हा दोन पावसाळे गेलेले असतात आणि महोत्सवाशी त्याचा संबंध जोडायला कुणी उरलेले नसते. हिरवळीवर फळ्या अंथरल्या तर भार पसरतो, पण खालचे गवत उन्हाविना काही दिवसांतच पिवळे पडते. फांद्या छाटायच्या असतील, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

प्रश्न : मी एका तालमीचा, म्हणजे पेठेतल्या तालीम मंडळाचा, कार्यकर्ता आहे. गणपतीत आम्ही डॉल्बी लावली की गुन्हे दाखल होतात, यंत्रणा जप्त होते. आता परगावची कंपनी तिकीट लावून तोच दणदणाट करणार आणि तिला परवानगी मिळणार. आम्हाला एक न्याय आणि पैसेवाल्यांना दुसरा का?

उत्तर : आपला प्रश्न अर्धा शंभर टक्के बरोबर आहे. ध्वनीचे नियम मंडळाला आणि कंपनीला एकच आहेत. विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन उभा राहणारा हवालदार बागेच्या कुंपणाशीही उभा राहिला पाहिजे, आणि त्याने नोंदवलेले आकडे दुसऱ्या दिवशी लोकांना पाहायला मिळाले पाहिजेत. परवानगीतच ही अट घालून घ्या. ती घालण्यास जो नकार देईल, त्याला कारण विचारा.

उरलेला अर्धा भाग मात्र आपल्याला आवडणार नाही. ‘त्यांना चालते तर आम्हालाही चालू द्या’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ‘आम्हाला चालत नाही तर त्यांनाही नको’ एवढाच निघतो. डॉल्बीमुक्तीसाठी या शहरात कितीतरी मंडळांनी स्वतःहून पारंपरिक वाद्यांकडे वळण्याचा शहाणपणा दाखवला, आणि त्यामुळे त्यांच्या मिरवणुकीची शान उतरली असे कुणी म्हणालेले मी तरी ऐकलेले नाही. ६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला हेच शहर सकाळी शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले होते. त्या दिवशी मंगळवार पेठेतल्या एका चौकात उभे असताना मला कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू आला, ही गोष्ट विषयाला सोडून असली तरी सांगावीशी वाटली.

मिरवणूक आणि महोत्सव यांत एक फरक मात्र आहे. मिरवणुकीत कुणीही शिरू शकतो. महोत्सवात त्याच बागेत रोज खेळणारे मूल तिकिटाअभावी पत्र्याच्या बाहेर उभे राहते. आवाजाचे सोडा, तालमीने हा मुद्दा उचलला असता तर बैठक वेगळ्या वळणाला गेली असती.

प्रश्न : मी बागेच्या दारात भेळेची गाडी लावते. (हे पत्र मुलीकडून लिहून घेतले आहे.) महोत्सवात धंदा होईल म्हणून मी होकार दिला होता, आता ऐकते की गाड्या हटवून आत त्यांचेच स्टॉल लागणार. खरे आहे का?

उत्तर : ताई, प्रस्ताव पाहिल्याशिवाय खरे-खोटे सांगता येणार नाही, पण अशा महोत्सवांत खाण्यापिण्याचे हक्क बहुधा आधीच विकलेले असतात आणि बाहेरचे खाद्य आत नेऊ देत नाहीत. आपल्याकडे विक्रेता प्रमाणपत्र असेल, तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय आपल्याला हलवता येत नाही. प्रमाणपत्राची प्रत जोडून महापालिकेला अर्ज द्या, आणि शेजारच्या गाडीवाल्यांची सही सोबत घ्या.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत निम्मे सभासद बाजूने आणि निम्मे विरोधात आहेत. सचिव या नात्याने मी महापालिकेला नेमके काय लिहू?

उत्तर : ‘विरोध’ किंवा ‘पाठिंबा’ असा शब्द न वापरता प्रश्न लिहा, प्रश्नांवर दोन्ही गटांच्या सह्या होतात. बाग किती दिवस बंद, भाडे किती, ते पैसे बागेवरच खर्च होणार का, अनामत रक्कम किती आणि नुकसान कोण मोजणार, बागेची आजची स्थिती दाखवणारी छायाचित्रे व झाडांची यादी दोन्ही बाजूंच्या सहीने करून ठेवणार का, मंचाच्या मजबुतीचा अभियंत्याचा दाखला आणि अग्निशमन दलाची परवानगी आहे का, मद्यविक्री आहे का, रुग्णवाहिकेला गल्लीतून वाट राहील का. घनकचऱ्याच्या नियमांनुसार शंभराहून अधिक माणसे जमणार असतील, तर आयोजकाने किमान तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला कळवून कचरा वेगळा करून द्यायचा असतो. त्याची व्यवस्थाही विचारा. बागेपासून जवळचे रुग्णालय आणि शाळा किती मीटरवर आहे, हे टेप लावून मोजा, कारण घोषित शांतता क्षेत्राची मर्यादा किमान १०० मीटर असते आणि तेथे उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवताच येत नाही. टाऊन हॉलच्या बागेत असा महोत्सव कुणी सुचवत नाही. समोर सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून त्याच परिसरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही बसते.

कराराची प्रत मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज सोबतच टाका. त्याचे शुल्क दहा रुपये असून उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. व्यापारी गुपिताचे कारण सांगून नकार आला, तर सार्वजनिक हिताचा मुद्दा मांडून अपील करता येते. मात्र अपिलालाही वेळ लागतो आणि महोत्सवाची तारीख तीन महिन्यांवर आली आहे, म्हणून अर्ज पुढच्या मासिक सभेपर्यंत ठेवू नका, याच आठवड्यात द्या.