शेजारी रॉटवायलर रात्री गल्लीत मोकळा सोडतात, आई सकाळी फिरायला जायला घाबरते. चावायच्या आधी पोलिसात तक्रार करता येते का?

येते. कोण नाही म्हणालं तुम्हाला? भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघा, त्यात कुत्रा चावलाच पाहिजे असं कुठंही नाहीये. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ शकते हे दिसत असताना मालकाने बंदोबस्त केला नाही, की झालं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एफआयआर घेऊ शकतात. घेतात का हा वेगळा विषय, आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणारे, कारण मी सांगलीत बरीच वर्षं मीटर रीडिंगचं काम केलंय आणि कुत्रेवाल्या मालकांचा मला जेवढा अनुभव आहे तेवढा जनावरांच्या डॉक्टरलाही नसेल, त्याच्याकडे तरी कुत्रं पट्टा बांधून येतं.

मीटर गेटच्या आत, जिन्याखाली, आणि कुत्रा मोकळा. आपण गेटवर उभं राहून 'लाइटवाला' म्हणून ओरडायचं, मग वरच्या गॅलरीतून कोणीतरी वाकून बघणार आणि म्हणणार, "या हो आत, काही करत नाही तो." नाही गेलं तर इनअॅक्सेस, म्हणजे मीटरपर्यंत पोचता आलं नाही अशी नोंद टाकावी लागते, बिल सरासरीचं जातं, आणि मग हीच मंडळी ऑफिसात जाऊन टेबल आपटतात की रीडर घरी येतच नाही.

विश्रामबागच्या बाजूला एक रिटायर्ड साहेब होते, त्यांच्याकडे डॉबरमन. असंच "या हो" झालं आणि मी आत गेलो, मोबाईल मीटरसमोर धरला आणि फोटो काढतानाच मागून पोटरी धरली त्याने. तो फोटो मी जपून ठेवलाय, त्यात अर्धं मीटर आणि अर्धा जिना आहे, आकडा एकही वाचता येत नाही. साहेब खाली आले ते आधी कुत्र्याला "टायगर, नो, नो" करत बसले. बाई हळद घेऊन आल्या. मी म्हटलं हळद नको, साबण द्या आणि नळ सोडा, तर साहेब म्हणतात तिकडं मागच्या नळावर जा, इथं तुळस आहे. रक्त बुटात उतरलेलं आणि मी लंगडत घराला वळसा घालून मागे गेलो. पाय धुताना साहेबांचं चालूच, तुम्ही पळालात का, हातात मोबाईल बघून बिथरला असेल, आणि शेवटी म्हणाले, "गेटवर पाटी लावलीय की सावध राहा म्हणून."

तर ही पाटी. तुमच्या शेजाऱ्यांनी लावली असेल तर तिचा फोटो आजच काढून ठेवा. लोकांना वाटतं पाटी लावली की आपण सुटलो. अहो, पाटी लावली म्हणजे कुत्रा धोकादायक आहे हे तुम्हाला माहीत होतं, हे तुम्हीच लिहून दिलं ना! मी हे पोलीस स्टेशनला सांगितलं तर हवालदार हसले, मिटवून घ्या म्हणाले. तेव्हा हेच कलम जुन्या कायद्यात, म्हणजे आयपीसीत, 289 होतं, दंड जास्तीत जास्त 1000 रुपये, त्यामुळे कोणाला पडलेली? "सगळी इंजेक्शनं दिलीत" म्हणणाऱ्या साहेबांनी कुत्र्याचं कार्ड दाखवायला इतके दिवस लावले, आणि दाखवलं तेव्हा रेबीजच्या लशीची तारीख उलटून गेलेली. माझे सगळे डोस सिव्हिलला झाले. साहेबांनी पाकीट पाठवलं ते मी परत केलं, ह्यावरून घरात अजून ऐकतो.

त्याहून जास्त ऐकतो मेहुण्याचं. त्याचं एकच, कुत्र्याला भीती कळते, तू घाबरलास म्हणून चावला. हे वाक्य तुमच्या आईलाही कोणीतरी ऐकवणार, लिहून ठेवा. घाबरणं काय गुन्हा आहे का? 2025 मध्ये मुंबईत मानखुर्दला उभ्या रिक्षात एका 11 वर्षांच्या पोरावर पिटबुल गेला आणि मालक हसत बसलेला, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. त्या पोराने पण घाबरायचं नव्हतं का? मालकावर गुन्हा दाखल झाला तो हसण्यासाठी नाही, कुत्रा आवरला नाही म्हणून.

कोर्टाचं म्हणाल तर शिक्षा होतात, पण वेळ लागतो. मुंबईतच रॉटवायलर चावल्याची 2010 ची केस, मालकाला तीन महिने कैद झाली ती 2023 ला. म्हणून म्हणतो आत्तापासून कागद तयार करा. रात्रीचे व्हिडिओ, तारीख वेळ दिसेल असे. अर्जावर गल्लीतल्या दोन-चार घरांच्या सह्या घ्या, एकट्याच्या अर्जाला 'शेजाऱ्यांचं भांडण' म्हणून बाजूला सारतात. पोलीस स्टेशन आणि महापालिका दोन्हीकडे द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. महापालिकेकडे कुत्र्याचं लायसन आणि लसीकरण पण विचारा, बहुतेक लोक तिथंच सापडतात.

जातीवर बंदी घाला वगैरेच्या नादी लागू नका. मार्च 2024 ला केंद्राने रॉटवायलर, पिटबुल धरून 23 जातींवर बंदीचं पत्र काढलेलं, कर्नाटक हायकोर्टाने महिन्याभरात रद्द केलं. आणि मला गावठी कुत्र्यांनीही पळवलंय, जात बघून चावत नाहीत ती. सोसायटी असेल तर कुत्रा पाळूच नका असा ठराव पण टिकत नाही, बाहेर नेताना पट्टा, एवढंच मागा. भटक्या कुत्र्यांचं प्रकरण वेगळं, त्याला नसबंदी-लसीकरणाचे 2023 चे नियम आहेत, तिथं हे सगळं लागू नाही.

हो, आणि मी कुत्र्यांच्या विरोधात नाही, आमच्या मळ्यात दोन आहेत, दिवसा साखळीला असतात. चावलंच तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्त आलं असेल तर लशीबरोबर सिरमचंही (जखमेत देतात ते रेबीजविरोधी इंजेक्शन) विचारा. कुत्र्याला दहा दिवस बघू, मग इंजेक्शनचं ठरवू, असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं ते इंजेक्शन चालू करून. माझा मेहुणा हेच म्हणत होता, बसून बघू म्हणे.