स्वस्त फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा का? घरची कागदपत्रं, अल्बम आणि अर्ज यांच्यासाठी

घ्या, जरूर घ्या. आजोबांची खरेदीखतं, दोन चिकट अल्बम, आईची पाककृतींची वही आणि मुलीचे बँक परीक्षांचे अर्ज, एवढं सगळं घरात असेल तर पाच-सहा हजारांचा फ्लॅटबेड, म्हणजे कागद काचेवर पालथा ठेवायचा सपाट स्कॅनर, वाया जाणार नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: मोबाईलचं अ‍ॅप असताना याची गरज काय, २४०० डीपीआयचा (एका इंचात यंत्र किती ठिपके टिपतं तो आकडा) घ्यावा की ४८०० चा, आणि मामेभाऊ देतोय तो जुना जाडजूड स्कॅनर चालेल का. हे यंत्र आतून कसं काम करतं ते कळलं की तिन्हींचा उलगडा होतो, म्हणून आधी ते सांगतो.

या किमतीच्या आसपासचे कॅनन लाइड ३००, लाइड ४००, एप्सन परफेक्शन व्ही३९ हे स्कॅनर सीआयएस प्रकारचे, म्हणजे कॉन्टॅक्ट इमेज सेन्सरवाले. पानाच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते. एलईडीचा उजेड आणि बारीक भिंगांची रांग त्या पट्टीतच बसवलेली असते. आरसे, मोठं भिंग, तापायला वेळ घेणारी दिव्याची नळी यातलं काही लागत नाही. म्हणूनच यंत्र चपटं, हलकं, स्वस्त, आणि वेगळ्या अडॅप्टरशिवाय यूएसबीच्या विजेवर चालणारं. पण त्याच कारणाने त्याची नजर काचेपाशीच संपते. कागद काचेला नीट टेकला असेल तर अक्षर न् अक्षर स्वच्छ येतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर उचलला गेला की ते धूसर आणि काळपट होतं.

मोबाईलचं अ‍ॅप मी कमी लेखत नाही. वीजबिल, पावती, शाळेची सूचना यासाठी फोनच बरा. पण फोनने काढलेल्या पानावर उजेड एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी असतो, कडा तिरक्या होतात, आणि अ‍ॅप आपल्या मनाने कागद पांढराफेक करताना पेन्सिलीचा मजकूर आणि फिकट शिक्के पुसून टाकतं. चकचकीत फोटोवर तर खिडकीचं नाही तर दिव्याचं प्रतिबिंब पडतंच. फ्लॅटबेडवर पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड सारखा आणि माप खरं. शिवाय आधार, पॅन, पासबुक घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जावं लागत नाही. तिथल्या संगणकाच्या डेस्कटॉपवर गावभरच्या लोकांचे आधार पडलेले असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. फक्त एवढ्या एका कारणासाठीही मी घरी स्कॅनर ठेवीन.

आता डीपीआय. खोक्यावर १९२०० वगैरे आकडा छापलेला असेल तर तो सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो, त्याकडे बघूच नका. लाइड ३०० ची खरी क्षमता २४०० आहे, लाइड ४०० ची ४८००, आणि घरच्या कागदांसाठी तुम्ही दोन्हींच्या जवळपासही जाणार नाही. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. रंगीत, न दाबलेली फाइल साधारण २६ एमबी. तेच ६०० ला केलं की १०० एमबीच्या वर जातं आणि मजकूर वाचायला काडीचा फरक पडत नाही. म्हणून कागदपत्रं ३०० ला, पोस्टकार्ड आकाराचे फोटो ६०० ला. जुन्या अल्बमात दोन बाय तीन इंचांचे कृष्णधवल फोटो असतात ना, तेवढे १२०० ला करा. चार बाय सहाचा फोटो ६०० ला आणि दोन बाय तीनचा १२०० ला, दोन्ही २४०० बाय ३६०० पिक्सेलचेच होतात, म्हणजे पुढे मोठे करून छापायला दोन्ही सारखेच कामाचे. त्यामुळे ४८०० साठी जास्त पैसे मोजू नका. लाइड ४०० थोडा वेगवान आहे आणि स्टँडवर उभा ठेवून चालवता येतो. टेबलावर जागाच नसेल तर त्यासाठी घ्या.

खरेदीखतांबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण खरी अडचण तिथे येते. जुने दस्त बहुतेक लीगल मापाचे, म्हणजे १४ इंच लांब, आणि तुमची काच ए४ ची, पावणेबारा इंचांच्याही आतली. दोन इंचांहून जास्त कागद बाहेर राहतो. काचेची चौकट किंचित उंच असते, त्यामुळे बाहेर लोंबणारा कागद त्या कडेला उचलला जातो आणि नेमकी शेवटची ओळ धूसर येते. पान दोनदा स्कॅन करा: एकदा वरची कड काचेच्या टोकाला लावून, एकदा खालची, मधला बराचसा मजकूर दोन्हीत येईल. जोडाजोडीच्या सॉफ्टवेअरमागे न लागता दोन्ही चित्रं पीडीएफमध्ये लागोपाठ ठेवा. कोर्टकचेरीच्या कागदाला शिवण मारण्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे. घड्या पडलेला कागद आदल्या रात्री जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. इस्त्री फिरवू नका, जुना कागद ठिसूळ असतो. झाकणाचा दाब पुरत नसेल तर वर एखादं पुस्तक ठेवा, पण काचेवर हाताने भार देऊ नका.

दस्ताची मागची बाजू सोडू नका. नोंदणीचे शिक्के, दस्त क्रमांक आणि साल बरेचदा तिथेच असतं, आणि उद्या मूळ कागद हरवला तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढायला तोच क्रमांक उपयोगी पडतो. कागद पातळ असेल आणि मागचा मजकूर पुढे उमटत असेल तर पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. झाकणाची आतली बाजू पांढरी असते, तिच्यावरून उजेड परतून मागची शाई पुढे दाखवतो; काळ्या कागदाने ते जवळजवळ थांबतं. दस्त, वही, पत्रं सगळं रंगीतच स्कॅन करा. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलं की जांभळा शिक्का, निळी सही आणि काळा मजकूर एकाच रंगाचे होतात.

आईच्या वहीचं शिवणीजवळचं लिखाण धूसर येणार, हे आधीच गृहीत धरा. वही काचेच्या कडेला अशी ठेवा की एकच पान काचेवर सपाट बसेल आणि दुसरं बाहेर खाली झुकेल, बरंच सुधारतं. मजकूर मिळावा म्हणून वहीची शिवण उसवू नका.

चिकट अल्बममधले फोटो ओढून काढू नका. वरचं प्लॅस्टिक अलगद उचलता आलं तर उचला आणि अख्खं पान काचेवर पालथं घाला. नंतर संगणकावर प्रत्येक फोटो वेगळा कापून घेता येतो. जे सुटे फोटो असतील त्यांची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी लिहिलेली तारीख, ‘डावीकडून’ करून लिहिलेली नावं, घराण्याचा इतिहास तिथेच असतो. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच, आणि ‘ऑटो करेक्शन’ बंद. मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) ठेवा, नातेवाइकांना पाठवायला जेपेग करा. काचेच्या चौकटीतला, काचेलाच चिकटलेला फोटो या स्कॅनरवर चांगला येणार नाही, मधली काच त्याला सेन्सरपासून दूर ठेवते. तिथे खिडकीशेजारी तिरप्या उजेडात कॅमेराच वापरा. निगेटिव्हही नाही, त्यासाठी झाकणात दिवा असलेलं यंत्र लागतं.

मुलीच्या अर्जांचं सोपं आहे. बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांमध्ये फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी, १४० बाय ६० पिक्सेल, असं माप दिलेलं असतं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही, २०० डीपीआय, पूर्ण रंगीत, आणि सहीच्या कडेपर्यंत कापून मग आकार कमी करायचा. आधी मोठ्या पानाचं स्कॅन घेऊन ते दाबत बसलं तर सहीचा ठिपका होतो.

सॉफ्टवेअरसाठी नॅप्स२ वापरा. मोफत आहे, पानं मागेपुढे करून एकच पीडीएफ बनवतं, आणि त्यात टेसरॅक्ट या मोफत प्रणालीचं मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) घालता येतं, म्हणजे छापील मजकूर शोधता येतो. हस्ताक्षरासाठी त्याच्याकडून आशा धरू नका, आणि दस्तांत मोडी असेल तर ते वाचून घ्यायला मोडी जाणकारच हवा. त्यांना पाठवायला तुमचं स्वच्छ स्कॅन मात्र फार कामाला येईल.

आता मामेभावाचा स्कॅनर. जाडजूड आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला, म्हणजे बहुधा सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा, आरसे आणि भिंगवाला. त्याची नजर काचेच्या वरही थोडी पोचते, त्यामुळे वहीची शिवण आणि चौकटीतले फोटो तो नव्या स्वस्त यंत्रापेक्षा चांगले काढू शकतो. त्याला नाही म्हणू नका, पण आधी तपासा. कोरा पांढरा कागद ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा. एखादा ठिपका दिसला तर ती काचेवरची धूळ, मऊ कापडाने जाईल (द्रव काचेवर न फवारता कापडावर घ्या). वरपासून खालपर्यंत सरळ रेघ आली तर धूळ सेन्सरच्या वाटेत नाही तर काचेखालच्या पांढऱ्या पट्टीवर आहे, आणि त्यासाठी यंत्र उघडावं लागेल. काचेच्या आतून बुरशीची जाळी दिसली, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच, तरी तेच. कंपनीचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नसेल तर जुने स्कॅनर चालवणाऱ्या व्ह्यूस्कॅन या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती लावून बघा. घरात लिनक्स असेल तर सेन (SANE) या तिथल्या स्कॅनर-प्रणालीच्या यादीत मॉडेल शोधा. दोन्हीकडे ते नसेल, तर नवा लाइड ३०० घेऊन टाका.