चोरलेली हरितलवकं आणि ताटातल्या तिसऱ्या

समुद्रात असे एकपेशीय जीव आहेत जे शैवाल खातात, पण त्यातली हरितलवकं पचवत नाहीत. ती स्वतःच्या पेशीत ठेवून त्यांच्याकडून उन्हात अन्न तयार करून घेतात. या विषयावर तेच गैरसमज पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे काही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो आहे.

हे जीव वनस्पती म्हणायचे की प्राणी?

दोन्ही नाहीत. ते आदिजीव आहेत.

चोरलेली हरितलवकं कायमची का टिकत नाहीत?

हरितलवकाला हजारो प्रथिनं लागतात. त्यातल्या फार थोड्यांची जनुकं त्याच्या स्वतःच्या डीएनएत असतात, बाकीची शैवालाच्या केंद्रकात. केंद्रक पचलं की नवी प्रथिनं मिळणं थांबतं, आणि प्रकाश झेलणारी यंत्रणा तर उन्हातच सतत बिघडत असते. म्हणून कुणाकडे ती काही दिवस चालतात, कुणाकडे काही महिने.

मेसोडिनियम रुब्रम या जिवाने यावर काढलेला मार्ग मला विलक्षण वाटतो. तो हरितलवकांबरोबर शैवालाचं केंद्रकही उचलतो! अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमधल्या मेसोडिनियमवर मॅथ्यू जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2007 साली ‘नेचर’मध्ये आला. चोरलेलं केंद्रक 30 दिवसांपर्यंत काम करत राहतं, असं त्यात दिसलं. पण ते केंद्रक पेशीविभाजनात वाढत नाही, वाटलं जाऊन कमी होत जातं. मग पुन्हा शिकार करावी लागते.

या मेसोडिनियमलाच डायनोफायसिस नावाचा दुसरा एकपेशीय जीव लुटतो. शेपटीसारखा देठ खुपसून तो त्याच्या पेशीतला ऐवज शोषून घेतो आणि हरितलवकं ठेवून घेतो. म्हणजे चोरीच्या मालाची पुन्हा चोरी. हे लक्षात येईपर्यंत डायनोफायसिस प्रयोगशाळेत वाढवणं कुणाला जमत नव्हतं. 2006 साली कोरियातल्या संशोधकांनी त्याला मेसोडिनियम खायला घातलं, तेव्हा तो वाढला.

आमच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात. ते हेच का?

नाही. ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिलुका या वेगळ्या एकपेशीय जिवाची असते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या नॉक्टिलुकाच्या पोटात अख्खी जिवंत शैवालं राहतात. ते बिऱ्हाड आहे, चोरी नव्हे. लाल नॉक्टिलुकाकडे तर तेही नसतं.

समुद्री गोगलगाय शैवालाची जनुकं चोरून ‘अर्धं झाड’ झाली, असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे का?

हा व्हिडिओ मला आठवड्याआड कुणीतरी पाठवतं. एलिसिया क्लोरोटिका ही गोगलगाय हरितलवकं महिनोन्महिने साठवते, हे खरं. तिच्यात शैवालाची जनुकं आल्याचा दावा 2008 साली झाला होता, पण 2013 साली तिच्या अंड्यांचा डीएनए तपासला तेव्हा पुरावा मिळाला नाही. 2014 साली तिच्या नात्यातल्या दोन जाती अंधारातही जगल्या, त्यामुळे त्या उन्हावर किती अवलंबून असतात हाच वादाचा मुद्दा झाला. पुढे काय निघालं हे न पाहता जुनी बातमी फिरवू नका. जीवशास्त्राच्या शिक्षकांना विचारा.

हरितलवकांची पावडर प्यायल्याने शरीर ऊन पचवू लागतं का?

नाही. आपलं पोट हरितलवकं पचवून टाकतं. असं सांगून डबे विकणारे तुम्हाला फसवत आहेत. औषधं चालू असतील तर असलं काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खाडीचं पाणी मध्ये लाल झालं होतं, आता स्वच्छ आहे. तिसऱ्या (शिंपले) उकळून खाल्ल्या तर चालेल ना?

पाण्याच्या रंगावरून ठरवू नका. हे मी सांगून थकत नाही, कारण लोक नेमकं उलटं करतात: लाल दिसलं की घाबरतात, निवळ दिसलं की पिशवी घेऊन निघतात.

लाली मेसोडिनियमची असेल, तर ती चोरलेल्या हरितलवकांतल्या रंगद्रव्याची आहे आणि मेसोडिनियम विषारी नाही. पण ते डायनोफायसिसचं अन्न आहे. डायनोफायसिसच्या बऱ्याच जाती ओकाडाइक आम्ल आणि त्या कुळातली विषं बनवतात. लिटरभर पाण्यात त्यांच्या काही शे पेशी असल्या तरी पाणी गाळून खाणाऱ्या तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांच्यात विष साठू शकतं. इतक्या थोड्या पेशींनी पाण्याचा रंग बदलत नाही.

हे विष उकळल्याने जात नाही. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, विष नाही. लिंबू, कोकम, हळद यांचाही उपयोग नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत जुलाब, उलट्या, पोटात कळा सुरू होतात आणि साधारण तीन दिवसांत माणूस बरा होतो. म्हणून लोक ‘मासे बाधले’ म्हणून सोडून देतात आणि कारण कधीच तपासलं जात नाही. जपानमध्ये 1970च्या दशकात असे रुग्ण नीट तपासले गेले, म्हणून तर हा विकार ओळखू आला. युरोपात किलोमागे 160 मायक्रोग्रॅमच्या वर हे विष आढळलं तर माल विकता येत नाही.

डायनोफायसिसची कॉडाटा ही जात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आढळते. याचा अर्थ तुमच्या खाडीतल्या तिसऱ्या विषारी आहेत असा नाही. तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, एवढाच. पाणी लाल झालं की त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा, आणि तपासणी होईपर्यंत शिंपले काढू नका. त्रास झालाच तर डॉक्टरांना काय खाल्लं ते सांगा. ओठ-जिभेला मुंग्या आल्या तर ते वेगळं आणि जास्त घातक विष असू शकतं. थेट रुग्णालय गाठा, घरी वाट पाहत बसू नका.

बी.एस्सी.ला आहे. आठ दिवसांपूर्वी लाल पाणी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलंय. पाठवू का?

नको. मेसोडिनियम नाजूक असतो, त्यात आता ओळखण्यासारखं काही उरलं नसेल. पुढच्या वेळी दोन बाटल्या भरा. एकीत नमुना टिकवण्यासाठी लगेच लुगॉलचं आयोडीन (आयोडीनचं द्रावण) घाला, दुसरी सावलीत ठेवून त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हरितलवकांची चमक बघायची तर जिवंत नमुनाच हवा, आयोडीनने ती नाहीशी होते. डायनोफायसिस वाढवायचा विचार असेल तर आधी शैवाल, मग मेसोडिनियम आणि मग तो, अशी तीन संवर्धनं सांभाळावी लागतात. शेवटचं विषारी असू शकतं, म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नका.