मॉडेल राहू दे, आधी ओळी वाच

प्रिय मुली,

गाणी सुचवणाऱ्या तुझ्या थीसिसच्या मॉडेलसाठी ग्राफ न्यूरल नेटवर्क घ्यावं की ट्रान्सफॉर्मर, गाइड एक सांगतात, लॅबमधले सीनियर दुसरंच, आणि पेपर लागला नाही तर फेलोशिपचं काय, हे सगळं वाचलं. पण मेलपेक्षा कोण कधी काय ऐकतं त्याचा सोबतचा तक्ताच मी जास्त वेळ बघत बसले.

भारतातले श्रोते अहिर भैरव, सकाळचा राग, मध्यरात्रीनंतर ऐकतात, असं तू काढलंयस आणि त्यावर मॉडेलला द्यायचं एक फीचरही बांधलंयस. अगं, लास्ट एफएम, म्हणजे कोण काय ऐकतं ते टिपणारी साइट, तिचे टाइमस्टॅम्प यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागच्या वेळेत, असतात. तुझ्या तक्त्यात रात्री १२:३० ला दिसणारा तो भैरव इथे सकाळी सहाला वाजतोय. घरात गाणं ऐकत वाढलेली तू; रात्री भैरव कोण लावतं, हा प्रश्न तुला पडायलाच हवा होता.

म्हणून सांगते, ओळी वाच. खाली बघ: भीमसेन जोशी एकदा नुसते, एकदा 'पं.' लावून, एकदा 'पंडित' लावून. तुझ्या मॉडेलला हे तीन गायक वाटतात. श्रोते तिघांत वाटले गेले की प्रत्येक जण कमी ऐकला जाणारा ठरतो आणि शिफारशीत मागे पडतो. पेपरात तू त्याला पॉप्युलॅरिटी बायस, म्हणजे गाजलेल्यांकडे झुकणारा कल, म्हणशील. निदान इथे तरी तो आधी नावांचा घोळ आहे.

माझे पेपर मोजके आहेत, हे तुझ्या कानावर आलं असेलच. 'यात नवं मॉडेल कुठे आहे?' एवढाच शेरा मारून एका परीक्षकानं माझा लेख परत पाठवला होता. मी मॉडेल घातलं नाही. बढती लांबली, घरच्यांना त्याची झळ बसली, त्याची खंत आजही आहे. पण नोंदी निवडण्यात गेलेल्या वर्षांची नाही. २०१९ मध्ये फेरारी डाक्रेमा, क्रेमोनेसी आणि यानाख या संशोधकांनी नामांकित परिषदांमधली शिफारशीची १८ डीप लर्निंग मॉडेलं तपासली. जेमतेम ७ पुन्हा चालवता आली, आणि त्यांतली ६ नियरेस्ट नेबरसारख्या, म्हणजे सारख्या आवडीचे शोधून सुचवणाऱ्या, साध्या पद्धतींपुढे बऱ्याचदा हरली. तू नियरेस्ट नेबर नीट ट्यून केलायस? मेलमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

एलएफएम-१बी या लास्ट एफएमच्या नोंदसंग्रहात शंभर कोटींहून जास्त नोंदी आहेत, त्या कोण वाचणार, म्हणशील. सगळ्या नकोत. या शनिवारी पाच श्रोते काढ, प्रत्येकाचा एक महिना, ओळीनं. जे गाणं पुन्हा पुन्हा दिसेल ते लावून ऐक, पूर्ण. सलग वीसदा वाजलंय ते आवडतं म्हणून, पोराला भरवताना लावलं म्हणून, की प्लेअर रिपीटवर राहिला म्हणून? ओळखता आलं नाही तर 'कळत नाही' असं त्या ओळीसमोर लिही. तेही थीसिसमध्ये जाऊ दे.

रविवारी संध्याकाळी मी घरीच आहे. वही समोर घेऊन फोन कर. ट्रान्सफॉर्मरचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मॅडम