फादरनी सांगितलं तरी?

“इतक्या लहान वयात हे असलं शिकवलंत तर मुलांच्या मनात नको ते भरणार नाही का? आणि उद्या फादर, सिस्टर, सर यांच्याबद्दल आदरच उरला नाही तर?”

वसईतल्या कॅथलिक शाळांमध्ये मी मुलांचे वैयक्तिक सुरक्षिततेचे तास घेते. पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे आईवडील निष्काळजी नसतात, उलट मुलांकडे सर्वांत जास्त लक्ष देणारे तेच असतात. संध्याकाळी घरात रोझरी म्हणणारे, रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, झाल्यावर मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसवून मगच घरी जाणारे. त्यांची भीती मला खरी वाटते, म्हणून तिला उडवून न लावता एका मुलाची हकीकत सांगते. त्याच्या आईच्या संमतीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण नोएल म्हणू.

चौथीचा वर्ग होता. शरीराच्या अवयवांची खरी नावं सांगून झाली होती, त्यावर व्हायचं तेवढं हसूही होऊन गेलं होतं. स्पर्शाबद्दल मी सांगते, पण त्याहून जास्त वेळ गुपितांवर देते. वाढदिवसाची भेट लपवून ठेवणं हे एक गुपित. ते दोन दिवसांनी सगळ्यांना कळतं आणि सगळे खूश होतात. दुसरं गुपित असं, की मोठं माणूस म्हणतं, “हे कधीच कुणाला सांगायचं नाही, सांगितलंस तर बघ.” असं गुपित ठेवायचं नाही, मोठ्या माणसाला वचन दिलेलं असलं तरी ठेवायचं नाही. मुलांना अंधारातल्या अनोळखी माणसाची भीती घालण्यापेक्षा हे एक वाक्य कितीतरी जास्त उपयोगी पडतं, कारण त्रास देणारा माणूस बहुतेकदा ओळखीचाच असतो आणि त्याचं सगळं बळ मुलाच्या गप्प राहण्यात असतं.

तेवढ्यात मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “टीचर, फादरनी सांगितलं तरी?”

वर्ग चिडीचूप झाला. मागे बसलेल्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो. फादरनी सांगितलं तरी. सिस्टरनी, मी, पप्पांनी, मामांनी, कुणीही सांगितलं तरी. कपड्यांनी झाकलेल्या जागी कुणी हात लावला, लावायला सांगितलं किंवा तसले फोटो दाखवले आणि वर म्हणालं की हे आपल्या दोघांतच ठेव, तर ते लगेच सांगायचं.”

त्या संध्याकाळी मुख्याध्यापिका सिस्टरांचा फोन वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी नोएलची आई शाळेत आली. ती स्वतः चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण शिकवते. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण ती दुखावली होती हे दिसत होतं. “टीचर, तुम्ही मुलींना सांगा, मी समजू शकते. मुलग्याला कशाला? आणि आम्ही रविवारी शिकवायचं की मोठ्यांचं ऐका, आईवडिलांचा मान राखायची चौथी आज्ञा पाळा, आणि तुम्ही सोमवारी सांगायचं की फादरनी सांगितलं तरी ऐकू नका. पोराने कुणाचं ऐकायचं? कालपासून तो धड जेवलेला नाही. तुम्ही काय भरवलंत त्याच्या डोक्यात?”

तिचे मुद्दे एकेक करून घेतले.

मुलग्याला कशाला, याचं उत्तर आकड्यांतच आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं आणि त्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त मुलगे होते. मुलगा म्हणून आपण ज्याची काळजीच करत नाही, तो जास्त एकटा पडतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्याच्या संरक्षणाखाली येतं.

निरागसपणाबद्दल मी तिला तिच्याच वाडीतलं विचारलं. घरामागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आहे ना? पोरगं चालायला लागल्यापासून त्याला सांगता ना, की काठाशी एकट्याने जायचं नाही, पाय घसरला तर ओरडायचं? त्याने पोराचं बालपण गेलं का? ती काही बोलली नाही, पण खुर्चीत जरा टेकून बसली.

आज्ञाधारकपणाचा मुद्दा मात्र खोलवरचा होता, आणि तिथे मला तिच्याशी तिच्याच श्रद्धेच्या भाषेत बोलायचं होतं. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ तिच्याकडे होता. त्यात चौथ्या आज्ञेच्याच विवेचनात, परिच्छेद २२१७ मध्ये, मुलांनी आईवडिलांचं ऐकावं असं सांगितल्यावर लगेच म्हटलं आहे की एखादी आज्ञा पाळणं नैतिकदृष्ट्या चुकीचं आहे अशी मुलाच्या सदसद्विवेकाची खात्री असेल, तर त्याने ती पाळू नये. म्हणजे आज्ञाधारकपणाला मर्यादा असते हे मी बाहेरून आणून चिकटवत नव्हते. आपण मुलांना आज्ञेचा पहिला अर्धा भाग पाठ करून घेतो आणि दुसरा सांगायचा राहून जातो. मुलाशी वाईट वागणारा माणूस नेमका त्या राहून गेलेल्या भागातून आत शिरतो.

ती म्हणाली, “विचार करते.” आणि गेली.

नोएल जेवत का नव्हता, हे त्या दिवशी आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मधल्या सुट्टीत तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात धर्मशिक्षणाची वही होती. त्याचा पहिला कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, जवळ आला होता आणि त्याआधी पहिलं कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूंजवळ आपली पापं सांगणं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कन्फेशनची तयारी म्हणून मुलांना दहा आज्ञा समोर ठेवून स्वतःच्या चुका आठवायला सांगतात. पुष्कळ मुलं विसरायला नको म्हणून त्या लिहून ठेवतात. नोएलनेही लिहिल्या होत्या. मम्मीशी खोटं बोललो. बहिणीला ढकललं. मिस्साच्या वेळी बोललो. त्याखाली एक ओळ होती, पेन्सिलने इतक्यांदा गिरवून खोडलेली की कागद फाटायला आला होता.

“ही फादरना सांगायची का?” त्याने विचारलं. “सांगितली तर ते मम्मीला सांगतील?”

मी ती ओळ वाचायचा प्रयत्न केला नाही. म्हटलं, तुला सांगावंसं वाटत असेल तेवढंच सांग. त्याने सांगितलं. घराजवळचा एक तरुण त्याला कीबोर्ड शिकवायचा. गावात सगळ्यांच्या माहितीतला, आदराने ज्याचं नाव घेतलं जायचं असा. बाकीचं इथे लिहिण्याची गरज नाही. शेवटी नोएल म्हणाला, “मी सहावी आज्ञा मोडली.” सहावी आज्ञा म्हणजे व्यभिचार करू नकोस.

पालकांनी इथे थांबावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण म्हणतो, मुलाला हे शिकवलं तर त्याच्या मनात घाण जाईल. या मुलाच्या मनात ते कित्येक महिने होतं, आणि स्वतःचं पाप म्हणून होतं. नऊ वर्षांच्या मुलाला आपल्यासोबत काय घडतंय याचा अर्थ लावावाच लागतो. त्याला बाहेरून शब्द मिळाले नाहीत तर जवळ जे शब्द असतील त्यांतच तो अर्थ लावतो, आणि धार्मिक घरातल्या मुलाजवळ पाप हा शब्द अगदी हाताशी असतो. मुलं स्वतःला दोषी धरतात हे सगळीकडेच दिसतं, पण आपल्या घरांत त्या दोषाला प्रार्थनेचं, कन्फेशनचं आणि नरकाचंही वजन येतं. अत्याचार करणाऱ्याला “कुणाला सांगू नको” असं म्हणायचीही गरज उरत नाही.

मी त्याला थोडंसंच सांगितलं. माझा तुझ्यावर विश्वास आहे. सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझं काही पाप नाही, जे चुकलं ते त्या मोठ्या माणसाचं. आणि आता हे आपल्या दोघांतच राहणार नाही, तुला सांभाळण्यासाठी मला मम्मीला आणि सिस्टरना सांगावं लागेल. कुणाला सांगणार नाही असं वचन मी कधीच देत नाही, कारण ते पाळता येत नाही. कधी, किती वेळा, कसं, हे प्रश्नही विचारले नाहीत. ते काम तपास करणाऱ्यांचं. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावलं की त्याची जखम उघडी पडते आणि पुढे कोर्टात त्याच्या बोलण्यावरही शंका घेतली जाते.

कन्फेशनबद्दल त्याने विचारलं होतं, त्याचं उत्तर प्रत्येक कॅथलिक पालकाला माहीत असायला हवं. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही, कशासाठीही सांगू शकत नाहीत. चर्चच्या कायद्यात ही गुप्तता पूर्णपणे अभेद्य आहे. म्हणजे मुलाने ते फक्त तिथे सांगितलं तर फादर त्याला धीर देऊ शकतात, हे तुझं पाप नाही असं सांगू शकतात, बाहेर जाऊन आईला सांग म्हणून विनवू शकतात. स्वतः उठून त्याच्या आईकडे किंवा पोलिसांकडे मात्र जाऊ शकत नाहीत. म्हणून मुलांना आधीच स्पष्ट सांगावं: तुझ्याशी कुणी वाईट वागलं असेल तर ते कन्फेशनच्या बाहेर सांगायचं.

त्याच दुपारी आई परत आली. ऐकताना तिचे हात थरथरत होते, पण मुलासमोर तिने जे केलं ते मी आजही इतर आयांना सांगते. तिने त्याला विचारून जवळ घेतलं. “आधी का नाही सांगितलंस” हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. ती एवढंच म्हणाली, “आता मी आहे ना.”

वडिलांचं वेगळं होतं. त्यांना त्या तरुणाला गाठून मारायचं होतं आणि त्याच वेळी गावात बोभाटा व्हायला नको होता. नाव जाईल, पोराला लोक काय म्हणतील, घरातल्या घरात मिटवू. हे बोलणारे वडील मला पुष्कळ भेटतात आणि त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो. पण मिटवण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाच नव्हता. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शाळेने आधी स्वतःची चौकशी करून खात्री पटवून घ्यावी, अशी सवलत त्यात नाही. सिस्टरांनी एका शब्दाने खळखळ केली नाही. त्याच दिवशी खबर दिली गेली.

वडिलांची भीती थोडी कमी झाली ती पुढच्या गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्यावर. जबाब घ्यायला महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी आल्या. नोएल बोलत असताना आई शेजारी होती. त्याचं नाव, पत्ता, शाळा छापायला माध्यमांना बंदी आहे. साक्षीच्या वेळी तो आरोपीच्या समोर येणार नाही, ही जबाबदारी विशेष न्यायालयाची असते. खटला शक्यतो वर्षभरात संपावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो आणि नोएलच्या खटल्यालाही लागतो आहे. हे मी पालकांपासून लपवत नाही, कारण खोट्या आशेवर ठेवलेलं कुटुंब पहिल्या तारखेलाच खचतं.

या प्रकरणात फादर दोषी नव्हते. उलट गावचे फादर स्वतःहून घरी आले, नोएलशेजारी बसले आणि हे तुझं पाप नव्हतंच, असं त्याला स्पष्ट सांगून गेले. त्या मुलासाठी हे माझ्या बोलण्यापेक्षा मोठं होतं. पण म्हणून “बघा, त्या मुलीचा प्रश्न उगाचच होता” असं कुणी म्हणू नये. २००२ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमधून धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचं आणि ते झाकण्याचं जे बाहेर आलं आणि त्यानंतर आयर्लंड, ऑस्ट्रेलियापासून अनेक देशांत जे उघड झालं, त्याने साऱ्या चर्चला मान खाली घालायला लावली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सर्व धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर अशी माहिती चर्चमधल्या वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलं, ते उगाच नाही. आपला कायदाही शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. चांगल्या फादरना “फादरनी सांगितलं तरी” या वाक्याने काही धक्का लागत नाही. मला भेटलेले चांगले धर्मगुरू वर्गात उभं राहून “मलासुद्धा नाही म्हणायचं” असं स्वतःच सांगतात, आणि मुलं त्यानंतर त्यांच्याकडे जास्त मोकळेपणाने जातात.

नोएलचं पहिलं कन्फेशन थोडं पुढे ढकललं, त्याच्या इच्छेने. नंतर तो गेला, नवी यादी घेऊन.

त्याची आई अजूनही रविवारचा वर्ग घेते. चुका आठवायला सांगण्याआधी ती आता मुलांना सांगते: मी काय केलं तेवढंच आठवायचं, माझ्याशी दुसऱ्याने काय केलं ते माझ्या पापांत लिहायचं नाही, ते घरी किंवा मला येऊन सांगायचं. घरी सांगता येत नसेल तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरवर फोन करायचा. तो फुकट लागतो आणि मूल स्वतः करू शकतं. हे तिचं तिनेच सुरू केलं. आसपासच्या चर्चमधल्या आणखी काही शिक्षिकाही आता असंच सांगतात.

मध्यंतरी ती भेटली तेव्हा धाकटीबद्दल विचारत होती. “ती सीनियर केजीत आहे. तिला कधी सांगू?” मी म्हटलं, आज आंघोळ घालताना. अवयवांची खरी नावं घ्या. म्हणा, इथे साबण लावायचा तर मम्मी लावते आणि आता तू स्वतः लावायला शिक. डॉक्टरनी बघायचं तर मम्मी जवळ असते. दुसऱ्या कुणी हात लावला तर “नको” म्हणायचं, आणि म्हणता आलं नाही तरी मला येऊन सांगायचं, मी रागावणार नाही. पाहुण्यांना पापा द्यायचा नसेल तर देऊ नकोस, हात जोडलेस तरी चालेल. एकदा सांगून भागणार नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा सांगा.

“आणि आजोबांना राग आला तर?” तिने विचारलं.

“आजोबांना मी समजावते,” मी म्हटलं, “पुढच्या पालकसभेला त्यांनाही घेऊन या.”