पेशीच्या दारातली एक वीट, असं तू म्हणालीस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. "बाकीच्यांना कर्करोग, विषाणू असे विषय मिळाले सर, आणि मला केंद्रकरंध्रातलं न्यूप-९८ हे प्रथिन. दारातली एक वीट." लॅबमध्ये माणसं होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

१९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशीतलं केंद्रकावरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात भोकं दिसली. तीच केंद्रकरंध्रं, केंद्रकात ये-जा करायची दारं. माणसाच्या पेशीतलं असं एक रंध्र सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचं बनतं आणि रेणू मोजले तर ते हजाराच्या घरात जातात. यांतली चौकट धरणारी प्रथिनं खरोखर विटांसारखी आहेत. पण न्यूप-९८ त्यांतलं नाही. त्याचा पुढचा मोठा भाग घडी घालून बसतच नाही, लोंबत्या धाग्यासारखा मोकळा राहतो. त्यात ग्लायसीन, ल्युसीन, फेनिलअलानीन, ग्लायसीन ही चौकडी पुन्हापुन्हा येते. हे धागे एकमेकांना धरतात; शुद्ध करून परीक्षानळीत ठेवले तर जेलीसारखे जमतात. लहान रेणू त्यातून सुटतात, मोठ्यांना वाहक प्रथिनाची सोबत लागते. ही निवड करणारी जाळी ज्या प्रथिनांनी विणलेली आहे, त्यांतलं हे एक.

आता कामाचं. न्यूप-९८ बहुतांशी एकटं जन्मत नाही. आधी १८६ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं माप) एवढं लांब प्रथिन तयार होतं, ते स्वतःच स्वतःला कापतं आणि न्यूप-९८ व न्यूप-९६ वेगळे होतात. यातलं ९६ मात्र चौकटीत बसतं, ती तुझी वीट! एसआय-आरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश गप्प करणारा छोटा आरएनए, टाकून तू ९८ कमी करशील तेव्हा त्याच संदेशातून (एमआरएनएतून) येणारं ९६ सुद्धा कमी होईल, आणि चौकट ढासळल्याचा परिणाम तू जाळीच्या नावावर लिहून मोकळी होशील. म्हणून प्रत्येक वेळी दोन्हींचे ब्लॉट कर, पट्ट्यांवरून कोणतं प्रथिन किती उरलं ते कळेल. नंतर फक्त ९८ परत घालून काय सुधारतं ते बघ.

अँटिबॉडीचंही तसंच. रंध्रं रंगवायला नेहमी वापरतात ती एमएबी ४१४ लावून केंद्रकाभोवती सुंदर कडा दिसली की हरखून जाऊ नकोस. ती अँटिबॉडी मुख्यतः न्यूप-६२, १५३, २१४ आणि ३५८ ओळखते. रंध्रं कुठे आहेत ते कळेल, तुझं प्रथिन कुठे आहे ते कळणार नाही. रंध्राच्या कोणत्या बाजूला काय आहे हे पाहायचं असेल तर डिजिटोनिन हे पटलाला भोकं पाडणारं रसायन वापर. ते पेशीचं बाहेरचं पटल उघडतं आणि केंद्रकावरण शाबूत ठेवतं, त्यामुळे अँटिबॉडी आत शिरत नाही. सोबत लॅमिनची, म्हणजे केंद्रकावरणाच्या आतल्या अस्तरातल्या प्रथिनाची, स्लाइड हवीच. लॅमिन उजळलं तर आवरण फाटलंय, ती सगळी बॅच टाकून दे, कितीही जीव तुटला तरी.

माझा एक जुना घाव सांगतो. मी पेशींमध्ये न्यूप-९८ जास्तीचं घालून केंद्रकात गोल ठिपके पाहिले आणि काही महिने त्यांच्यावर घालवले. प्रमाण उतरवत नेलं तसे बहुतेक ठिपके विरले. ते माझ्या हाताने वाढवलेल्या मात्रेचे होते. आता यावरून ठिपके म्हणजे सगळा खोटा प्रकार असंही ठरवू नकोस. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींच्या एका वाणात ते स्वतःहून असतात. हे प्रथिन रंध्राला जखडलेलं नाही, ते केंद्रकाच्या आतही फिरतं आणि जनुकांजवळ सापडतं.

आणि इथेच तुझी 'वीट' मला अस्वस्थ करते. १९९६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत ७ व्या आणि ११ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले सापडले: न्यूप-९८ चा तो धाग्यांचा भाग एचओएक्सए-९ या जनुकं नियंत्रित करणाऱ्या प्रथिनाला जोडला गेला होता. पुढे असे ३० हून अधिक जोडीदार सापडले. जवळपास प्रत्येक जोडीत धागे शाबूत असतात, आणि ते चिकट धागे जिथे जाऊन बसतात तिथे जनुकं चालू ठेवणारी यंत्रणा गोळा होते. एनएसडी-१ या दुसऱ्या जोडीदाराशी झालेली जोडी लहान मुलांत जास्त दिसते. तिच्यात गुणसूत्रांच्या अगदी टोकांचे तुकडे बदलतात, त्यामुळे नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत काहीच दिसत नाही. मूल गंभीर आजारी, रिपोर्ट नॉर्मल. ती जोडी शोधायला वेगळी रेण्वीय चाचणी लावावी लागते. तुला विषाणू हवा होता ना? कोविडच्या विषाणूचं ओआरएफ-६ हे प्रथिन नेमकं न्यूप-९८ आणि त्याच्या सोबत्याला, आरएई-१ ला, पकडतं आणि पेशीने विषाणूविरुद्ध द्यायचा इशारा केंद्रकात पोहोचू देत नाही.

पहिले सहा आठवडे नवीन काही शोधू नकोस. ९८ आणि ९६ चे ब्लॉट, लॅमिनची स्लाइड आणि पेशीतलं मूळ प्रमाण, एवढं तीनदा जमलं की फोन कर. ब्लॉटचा फोटो पूर्ण पाठव, कडा न कापता. न कापलेल्या १८६ च्या जागी पट्टी आहे का, ते मला पाहायचं आहे.

तुझा,
सर