प्रार्थनापत्र सगळ्यांना, पत्र कुणाला?

ताई, सलाम.

आम्ही नवरा-बायको मलावीत मिशनवर आहोत. सहावं वर्ष चालू आहे. मी नर्स आहे, हे खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, शिकवतात. थोरली तेरा वर्षांची. जवळपास तिच्या इयत्तेची शाळा नाही, म्हणून ती शेजारच्या देशात बोर्डिंगला असते. धाकटा सात वर्षांचा, तो आमच्याजवळ. सासू-सासरे भारतात, दीर कॅनडात. दर दोन महिन्यांनी आम्ही प्रार्थनापत्र काढतो, म्हणजे आमच्यासाठी देणग्या देणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या सगळ्यांना कामाची खबर कळवतो, तेच घरीही जातं. गेल्या महिन्यात सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मंडळीला जे कळतं तेच मला कळतं. तेसुद्धा पाळकसाहेबांच्या तोंडून." मला काय बोलावं ते सुचेना. त्याच फोनवर नकळत निघालं, की सासऱ्यांचं ऑपरेशन होऊन महिना झाला. तुम्ही देवाचं काम करताय, उगाच काळजीत कशाला टाकायचं, म्हणून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लेक आजीशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. हे म्हणतात, प्रभूच्या सेवेत एवढं सोसावंच लागतं. मला ते खोटं वाटत नाही आणि पटतही नाही.

ता. क. : पुढच्या वर्षी दोन महिने घरी येतोय. चर्चमधून फिरावं लागेल. मागच्या वेळी प्रत्येक ठिकाणी मुलांना पुढे उभं करून तिकडच्या भाषेत गाणं म्हणायला लावलं होतं. लेक आत्तापासूनच नाही म्हणतेय. काय करू?

* * *

सलाम.

तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून मी जरा थांबले, कारण तेच मीही एकेकाळी म्हणत असे, फक्त मनातल्या मनात. माझा थोरला भाऊ चौदा वर्षं मिशनवर होता. त्याचं प्रार्थनापत्र आलं की चर्चमध्ये वाचलं जायचं आणि मग फलकावर लागायचं. किती जणांचा बाप्तिस्मा झाला, विहिरीचं काम कुठवर आलं, गाडी कुणाच्या देणगीतून आली, सगळं त्यात असे. वहिनीचं बाळ सहाव्या महिन्यात गेलं, हे मात्र आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तेही ती कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज बोलून गेली म्हणून. तेव्हा मी भावावर फार चिडले होते. आता वाटतं, बिचाऱ्याने ते लिहायचं कुठे? त्याच्याकडे कागद एकच होता, आणि तो फलकावर लागणार होता.

प्रार्थनापत्र खोटं नसतं, पण ते हिशेबाचं पत्र असतं. ज्यांनी पैसे दिले, गुडघे टेकले, त्यांना कामाचं काय झालं हे सांगायचं असतं. त्यात दुःखसुद्धा नीटनेटकं होऊन येतं: अडचण आली, प्रार्थना केली, वाट सापडली. 'या महिन्यात आमचं दोघांचं धड बोलणंच झालं नाही' किंवा 'आज मला इथून पळून जावंसं वाटलं' ही वाक्यं तिथे बसत नाहीत, बसवूही नयेत. बिघडतं कुठे, तर तेच पत्र आईलाही पाठवलं की काम झालं असं आपण धरून चालतो. आईला अहवाल मिळतो, पण त्यात मुलगा सापडत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट: घरच्यांना वेगळं लिहा. मोठं नको, दहा ओळी पुरेत. त्यात रुग्णालयातल्या रुग्णांची संख्या नको, बायबलचं वचन नको, शेवटी 'आमच्यासाठी प्रार्थना करा' हेही नको, सासूबाई ती करतातच. धाकट्याचा पुढचा दात पडला, रात्री वीज नव्हती आणि यांनी मेणबत्तीवर शर्टाची बाही जाळून घेतली, असलं लिहा. आणि पत्र फक्त सासूबाईंच्या नावाने असू द्या. 'प्रिय सर्वांस' अशी सुरुवात झाली की ते पुन्हा मंडळीचंच होतं.

तुमच्या यजमानांच्या बोलण्याबद्दल. सोसावं लागतं हे खरं, पण कुणी किती सोसायचं हे कोण ठरवतं? इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम कॅरी आपल्याला ठाऊक आहेत. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं. १७९३ मध्ये ते बंगालमध्ये आले आणि १८३४ मध्ये तिथेच वारले, मधल्या ४१ वर्षांत मायदेशी परत गेले नाहीत. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या पत्नी डोरोथी मुळात यायला तयार नव्हत्या, हे जरा हळू आवाजात सांगतो. आल्यावर वर्षभरातच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. त्यानंतर त्यांचं मन जे ढासळलं ते सावरलंच नाही, आणि १८०७ मध्ये त्याच अवस्थेत त्या गेल्या. व्याकरण छापून बाहेर पडलं त्या वर्षी त्या घरात काय चाललं असेल, याचा विचार माझ्या मनात येतोच. मी कॅरींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. एवढंच म्हणते, की देवाचं पाचारण, त्याच्या कामाचं बोलावणं, एकाला येतं आणि त्याची किंमत त्या घरातल्या ज्यांना ते आलेलं नाही तेही भरतात. सासू-सासरे, दीर आणि तुमची लेक हे ते लोक. त्यांना निदान खरं काय चाललंय ते कळायला हवं.

यजमानांना वचनाचाच आधार हवा असेल, तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय पुन्हा वाचायला सांगा. वधस्तंभावर असतानाही प्रभूने आईची सोय लावली, तिला शिष्याच्या हाती सोपवलं. त्याहून मोठं काम तर कुणाच्या हातात नव्हतं ना?

आता ऑपरेशन. घरच्यांनी तुमच्यापासून लपवलं, तसं तुम्हीही लपवत असणारच. तुम्हाला गेल्या सहा वर्षांत किती वेळा मलेरिया झाला आणि त्यातला किती वेळा घरी कळवलात, तो हिशेब मी मागत नाही. पण दोन्हीकडून लपवाछपवी सुरू झाली, की मग 'सगळं ठीक आहे' या वाक्यावर कुणाचाच विश्वास उरत नाही आणि काळजी उलट वाढते. तेव्हा सरळ करार करा. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, कुठलीही तपासणी वाईट आली किंवा कुणी पडलं-झडलं, तर त्याच दिवशी कळवायचं. कळवणारा माणूस ठरलेला असावा. सासूबाई नकोत, त्यांच्याच्याने सांगवणार नाही. दीर असेल तर उत्तम. मात्र त्याला हे काम देताना एक ध्यानात ठेवा. कॅनडात बसून आई-वडिलांचे डॉक्टर, औषधं, पैसे बहुधा तोच बघत असणार, आणि चर्चमध्ये नाव मात्र तुमचं घेतलं जात असणार. मी त्या जागी होते, म्हणून सांगते. त्याला कधीतरी नुसतं विचारा, "तू कसा आहेस रे?" आणि मग त्याला बोलू द्या.

करारातलं आणखी एक कलम अवघड आहे, पण तेही बोलून टाका: कुणी गेलं तर तुम्ही येणार की नाही, किती दिवसांत पोहोचाल, तुमच्यासाठी थांबायचं की नाही. हे फोनवर नको. पुढच्या वर्षी घरी जाल तेव्हा एखाद्या दुपारी बसून, सासऱ्यांच्या समोर बोला. म्हाताऱ्या माणसांना या विषयाची आपल्याइतकी भीती नसते. ती त्याची वाटच बघत असतात, असा माझा अनुभव आहे. बरोबरीने कागदपत्रंही बघा. चौघांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली आहे ना? तुमचा राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेला असेल, तर त्या काळात देशाबाहेर पडून परत येता येतं का, हे मिशनच्या कार्यालयाला आत्ताच विचारून ठेवा. लेक दुसऱ्या देशात आहे, तिला अचानक एकटीला विमानात बसवायचं झालं तर बऱ्याच ठिकाणी दोन्ही पालकांचं संमतिपत्र लागतं. ते तयार करून शाळेत ठेवलंत, की ऐन वेळी धावाधाव नाही. तिकिटापुरते पैसे बाजूला हवेत. मिशनच्या निधीला त्यासाठी हात लावायचा की नाही, हा वाद विमानतळावर करण्यासारखा नसतो.

फोनचं म्हणाल तर वेळ एकदा ठरवा आणि पाळा. भारतात रात्रीचे आठ म्हणजे तुमच्याकडे दुपारचे साडेचार आणि टोरांटोच्या बाजूला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा. हिवाळ्यात तिथे साडेनऊ होतात, कारण मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं हलतात. तुमची आणि भारतातली हलत नाहीत. आमच्या घरी या एका तासापायी रुसवेफुगवे झालेत. नेट दगा देत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा, रेंज आली की जाईल. सासूबाईंना तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकता येईल, आणि त्या ऐकतील.

मिशनवरच्या माणसाचं चित्त घराकडे ओढलं गेलं तर कामाचं काय, ही शंका जुनी आहे. मॉर्मन पंथात तरुण मुलं-मुली दीड-दोन वर्षं मिशनवर जातात. त्यांना घरी साधारण वर्षातून दोनदाच फोन करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला आणि दर आठवड्याच्या मोकळ्या दिवशी बोलायची परवानगी मिळाली. इतकी कडक शिस्त पाळणाऱ्यांनीही ती गाठ सैल केली, तर तुम्ही स्वतःला कशाला बांधून घेताय?

(जिथे सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगण्याच्या, कामाला कायद्याने बंदी आहे, अशा देशांतूनही या सदराला पत्रं येतात. त्यांच्यासाठी: घरच्यांना कोणते शब्द लिहायचे नाहीत आणि कोणते फोटो पुढे पाठवायचे नाहीत, हे स्पष्ट सांगून ठेवा. आजी कौतुकाने जो फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकते, त्यात तिथल्या कुणाचा तरी चेहरा असतो. संकट त्याच्यावर येतं.)

लेकीवर मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रात तिच्या वाट्याला एकच ओळ आलीय.

रूथ युसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करायला आल्या होत्या. त्यांत मिशनरीही होते. ही मुलं आई-वडिलांच्या देशाची पूर्ण होत नाहीत, राहतात त्या देशाचीही नाही, त्यांची तिसरीच एक संस्कृती तयार होते, हे त्यांनी मांडलं. तुमची लेक तशी आहे. 'तू कुठली?' हा प्रश्न तिला सोपा नाही. आजीशी ती दोन शब्द बोलते ते प्रेम नाही म्हणून नव्हे. आजीचा प्रश्नच दोन शब्दांचा असतो. अभ्यास कसाय? ठीक. बरी आहेस ना? हो. यापुढे मराठी लागते, आणि ती चुकेल अशी तिला धास्ती असते, कारण पलीकडे कुणीतरी हसतं. कौतुकानेच हसतात, पण तेरा वर्षांच्या पोरीला ते कौतुक वाटत नाही.

दोघींना बोलायला लावू नका, काहीतरी करायला द्या. आठवड्यातून दहा मिनिटं आजीने फोनवर एखादी गोष्ट वाचावी, पुढचं पान नातीने. अडली तर आजीने शब्द सांगावा आणि पुढे जावं, तिथेच थांबून मराठीचा तास घेऊ नये. तुम्ही त्या वेळी फोनवर नसावं. आई मध्ये असली की सगळं भाषांतर होऊन बसतं.

आणि तुम्ही स्वतः तिच्या आयुष्यात नुसत्या विचारपूस करणाऱ्या होऊ नका, मतं असणाऱ्या आई राहा. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. त्यांची लेक मनोरमा तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. पुढे तिला इंग्लंडमधल्या वाँटेजच्या धर्मभगिनींकडे परत ठेवून त्या अमेरिकेतच काम करत राहिल्या. पण मुलीला धर्मातलं काय आणि कसं शिकवायचं, यावरून त्या समुद्रापलीकडून तिथल्याच सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालत होत्या. मुलगी धर्मभगिनींकडे राहते म्हणून ती त्यांची झाली, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. बोटीने जाणाऱ्या पत्रांवर त्यांनी ते निभावलं. तुम्ही बोर्डिंगच्या वॉर्डनशी महिन्यातून एकदा तरी वाद होईल इतकं बोला. लेकीला वाचायला काय देतात, रविवारी ती एकटी बसते का, रडते का. तिला घरी यायचं असेल तर ते तिने म्हणावं, आणि ते म्हटल्यामुळे देवाच्या कामात खोडा घातला असं तिला वाटू नये, एवढी जागा तिच्यासाठी ठेवा. मिशनरींच्या मुलांना ही तक्रार करणं फार जड जातं. इतर मुलं बापाच्या नोकरीवर चिडू शकतात. यांनी चिडायचं तर कुणावर?

ता. क. चं उत्तर सोपं आहे. ती नाही म्हणालीय ना, मग नाही. तिथे पोहोचल्यावर पाळकांच्या कानात सांगू नका, महिनाभर आधी लिहून कळवा: "आमची मुलं बाकावर बसतील, पुढे येणार नाहीत." कुणी नाराज झालं तर होऊ दे. धाकट्याला हौस असेल तर त्याला गाऊ द्या.